बॉनेटची माफी

“आरशात माझं तोंड दिसतंय का तुला?” मागच्या सीटवरून नानांनी विचारलं.

“दिसतंय.”

“मग आरसा चुकीचा लावलाईस. आरशात रस्ता दिसाय पायजे, सासरा न्हाई.”

मी आरशाला हात लावल्यासारखं केलं आणि तो होता तसाच राहू दिला. नाना, म्हणजे माझे सासरे दत्ताजी मोरबाळे, मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्यात टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. परीक्षा घेताना त्यांची जागा तीच. डोळे मिटायचे, कान उघडे ठेवायचे, आणि गाडी चालवणारा जो गिअर टाकेल त्याचा आकडा मोठ्यानं म्हणायचा.

फाटकापाशी माझा नवरा, उल्हास, उभा होता. खिडकीत वाकून तो हळूच म्हणाला, “वैजू, तिसऱ्याला जप. फार आडमुठा आहे. माझ्या हाताला तर कधी बसलाच नाही.”

“तुझ्या हाताचं ऱ्हाऊ दे,” मागून आवाज आला. “सोड तिला.”

ही गोष्ट मलकापूरची. आता तिथल्या रस्त्यावर कुणाला गिअरचं फारसं पडलेलं नाही, पण त्या काळी शाहूवाडी तालुक्यात ज्याला म्हणून गाडी येत होती, त्याला ती नानांनी शिकवलेली असायची. ‘मोरबाळे मोटार ड्रायव्हिंग क्लास’ त्यांनी गुडघे दुखायला लागेपर्यंत चालवला. एक, दोन, तीन, चार. चढताना एकही सोडायचा नाही, उतरताना एकही सोडायचा नाही. सोडला, तर गाडी बाजूला घ्यायची, खाली उतरायचं, बॉनेटसमोर उभं राहून हात जोडायचे आणि मागच्या सीटवर ऐकू जाईल अशा आवाजात “चुकलो” म्हणायचं. याला गावात बॉनेटची माफी म्हणत. डॉक्टरांनी मागितली होती, जमादारानं मागितली होती, एका आमदाराच्या मेव्हण्यानं तर भर बाजाराच्या दिवशी मागितली होती.

नाना सगळं जग गिअरमध्ये मोजायचे. शेजाऱ्यांनी रेडिओ न घेता एकदम टीव्ही आणला, तेव्हा “दुसऱ्यातनं चौथ्यात गेलं, आता इंजिन ठोकतंय बघ” असं ते महिनाभर म्हणत होते. माझं लग्नही त्यांना पूर्ण पटलेलं नव्हतं. बघाबघी, सुपारी, साखरपुडा, लग्न असा त्यांचा क्रम. आमचा साखरपुडा मुहूर्ताच्या घाईत राहून गेला. मी माप ओलांडून घरात आले तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला आणि म्हणाले, “एक गिअर सोडून आलीस, पोरी.”

मला त्या गाडीची किल्ली हवी होती. आंबा गावाच्या आत, जंगलातल्या एका वाडीवर वर्षापूर्वी नवीन माध्यमिक शाळा निघाली होती आणि विज्ञान शिकवायला त्यांनी मला घेतलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून पुढं कच्च्या रस्त्यानं चालायचं, आणि त्या रस्त्यावर कधीही गवे. माझ्या आधीच्या दोन शिक्षिका गव्यांना कंटाळून गेल्या होत्या. घरात गाडी होती, माझ्याकडे लायसन्स होतं, पण नाना म्हणाले, “लायसन्स सरकारचं. किल्ली माझी.”

ती गाडी त्यांचा जीव की प्राण. क्लासची गाडी विकली तेव्हा ही घरची ठेवली. क्रीम रंगाची, जुनी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत. स्वतः फक्त बाजाराला आणि देवाला काढायचे, आणि गाडीत बसलं की त्यांना खोकला यायचा. सासूबाई त्यासाठी समोरच्या कप्प्यात खडीसाखरेची पुडी ठेवायच्या.

आता माझी अडचण सांगते. मी घाटाखालची, साखरप्याची. गाडी मला मामानं शिकवली, आंबे-फणस वाहायच्या जीपवर. मामाचं म्हणणं असं की तिसरा गिअर हा सरकारी कारकून आहे, मधे बसून नुसता वेळ खातो. दुसऱ्यात गाडी पळायला लागली की सरळ चौथा. त्यामुळे माझ्या हाताला तिसऱ्याची वाटच माहीत नव्हती. मुद्दाम टाकायला गेले तर अडखळणार, अडखळले तर नानांना कळणार, आणि मग बॉनेटला हात जोडून मी जंगलातून पायी शाळेत जाणार.

म्हणून मी एक युक्ती काढली. दुसऱ्यातून दांडा मधे आणायचा, क्लच सोडायचा, एक श्वास थांबायचं, पुन्हा क्लच दाबायचा आणि चौथा टाकायचा. पाय दोनदा हलतो, दांडा दोनदा वाजतो, आणि डोळे मिटलेल्या माणसाला दोन गिअर ऐकू येतात. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात पाटावर बसून मी लाटणं हातात धरून सराव केला. सासूबाई भाकरी थापत होत्या.

“काय करतीयास?”

“व्यायाम.”

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्या पायाकडे बघितलं. “हे बी आसंच करत्यात,” एवढंच म्हणाल्या. मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

तर मी गाडी फाटकाबाहेर काढली.

“एक,” नाना म्हणाले.

स्टँडावरून वळले.

“दोन.”

आंब्याचा रस्ता लागला. गाडीनं वेग धरला. मी क्लच दाबला, दांडा मधे आणला, क्लच सोडला. मागून काहीच आवाज आला नाही. मी श्वास धरून ठेवला. जरा जास्तच वेळ गेला.

“तीन,” नाना म्हणाले. आवाज थोडा चमत्कारिक वाटला, पण आकडा बरोबर होता.

“चार.”

मला इतका आनंद झाला की हॉर्न वाजवावासा वाटला. सगळ्या तालुक्याला हात जोडायला लावणारा कान मी लाटण्याच्या सरावावर फसवला होता. गावं मागे पडत गेली. पुढे बैलगाडी आली तेव्हा मी चौथ्यातून दुसऱ्यात येतानाही तोच प्रयोग केला, आणि मागून पुन्हा “तीन, दोन” असं ऐकू आलं. आता मी मनातल्या मनात शाळेत पोचून हजेरी घ्यायला लागले होते.

मग चढ लागला. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे एसटी. ट्रॅक्टरनं कडेला घेऊन वाट दिली. दुसऱ्यात गाडी किंचाळत होती, चौथा टाकला तर अंग टाकून द्यायला लागली. मागची एसटी हॉर्नवर हॉर्न देत होती. इथे मामाचं शास्त्र संपलं. आयुष्यात पहिल्यांदा मला खरा तिसरा हवा होता.

मी दांडा तिकडे नेला. करर्र. पुन्हा नेला. करर्र. तिसऱ्यांदा जोर लावला, तर दांडा रिकाम्या पातेल्यातल्या डावासारखा नुसता फिरला. त्या जागी काही नव्हतंच.

मी आरशात बघितलं. मुद्दाम तसाच ठेवलेल्या आरशात नानांचे डोळे टक्क उघडे होते. ते रागावलेले नव्हते. दुधाच्या पातेल्यापाशी सापडलेल्या मांजरासारखं तोंड झालं होतं त्यांचं.

“दुसरा टाक,” ते हळूच म्हणाले. “आन् बाजूला घे.”

मी बाजूला घेतली. एसटी निघून गेली.

“नाना, तिसरा बसत नाही.”

“तुझ्या हाताला बसत न्हाई.”

“मग तुम्ही बसवून दाखवा.”

नानांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर घातली. ती नीट करण्यात बराच वेळ घालवला. “मघाशी बसला की तुझा. मी तीन म्हनालो न्हवं?”

“मघाशी मी तिसरा टाकलाच नव्हता.”

“ठावं हाय मला.”

आम्ही दोघंही समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिलो. एक गुराखी म्हशी घेऊन पुढून गेला. त्याच्या शेवटच्या म्हशीनं आमच्याकडे बघितलं आणि तीही गेली.

“मग तीन का म्हणालात?”

“काय म्हनू?” नाना म्हणाले. “तिसरा पडला न्हाई म्हनलं असतं, तर तू म्हनली असतीस, मग पाडून दावा. मी आपला धरून चाललोतो की तू करकर वाजवनार आन् मी नापास म्हननार. तू वाजवलाच न्हाईस.”

“कधीपासून असं आहे?”

“चार वर्सं हुतील.” ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले. “गॅरेजवाला बाळू हाय न्हवं, त्यानं नवी जीप घेतली. हितंच, ह्याच चढाला मला मागं टाकून जीप काढली त्यानं. वर हात दावला. मीच शिकवलेलं पोरगं. मला राहवलं न्हाई. चौथ्यातनं दुसऱ्यात खेचला, दुसऱ्यातनं तिसऱ्यात घातला, काय केलं माझं मला ठावं न्हाई. एक आवाज झाला. तवापासनं त्यो न्हाईच.”

“मग दुरुस्त का नाही केला?”

“कुनाकडं करू? गॅरेज बाळूचं. त्याच्या बाला बी मीच शिकवलाय. दोघांनी बी ह्या बॉनेटला हात जोडल्यात. त्यांच्या म्होरं जाऊन म्हनू, मास्तरांनी गिअर मोडला?”

“साखरप्याला माझ्या मामाचा मेकॅनिक आहे. त्यानं तुमचं नावही ऐकलेलं नाही.”

“नावबी न्हाई?” नाना दुखावले. “मग त्यो कसला मेकॅनिक.”

तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “नाना, तुम्ही गाडी चालवताना खोकता.”

“खोकू नको तर काय करू? दुसऱ्यातनं चौथ्यात जाताना गानं म्हनू?”

मी हसायला लागले. स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसले. नानासुद्धा गालातल्या गालात हसत होते. आणि हसता हसता मला उल्हास आठवला, फाटकापाशी वाकून “माझ्या हाताला कधी बसलाच नाही” म्हणणारा, आणि माझं हसू मावळलं.

“नाना, ह्यांना तुम्ही तीनदा नापास केलंत. ह्याच गाडीवर.”

त्यांनी खिडकीची काच उगाच खाली केली.

“तीनदा बॉनेटला हात जोडायला लावलेत. नसलेल्या गिअरसाठी.”

“पोरगं हाय ते माझं. बापानं नापास केलं तर काय बिघडतंय?”

“बिघडलंय. दिवा बदलायचा तर म्हणतात, माझा हात तसला नाही, तूच बदल. बँकेत नवीन मशिन आलं, तर म्हणाले, दुसऱ्या कुणाला शिकवा. त्यांना वाटतं त्यांच्या हातातच काहीतरी कमी आहे.”

मला नानांचा राग आला होता, अगदी खरा राग, आणि तो मी लपवला नाही. नाना टोपी काढून तिच्या आत बघत बसले.

“किल्ली तुझी,” शेवटी ते म्हणाले. “सोमवारपासनं घिऊन जा. पन ह्यातलं घरात काय बोलायचं न्हाई.”

“रविवारी ह्यांची परीक्षा घ्या.”

“आन् तिसऱ्याला?”

“तीन म्हणा. मला म्हणालात तसं.”

नानांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. “लबाड हायस.”

“मोरबाळ्यांच्यात दिलंय मला,” मी म्हटलं आणि गाडी दुसऱ्यात घातली. परतीचा उतार आम्ही गुपचूप चौथ्यात काढला.

घरी नानांनी जाहीर केलं, “पास.” उल्हासनं आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. त्याला मनापासून आनंद झाला होता. असूयेचा लवलेश नव्हता, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

रविवारी मी त्याला एवढंच सांगितलं, “करकरलं तरी थांबू नका. सरळ चौथा टाका.”

“आणि नाना?”

“नानांचे कान आता म्हातारे झालेत.”

मागे डाव्या कोपऱ्यात नाना, उजव्या कोपऱ्यात मी. उल्हासनं गाडी काढली. चालवत चांगला होता, माझ्यापेक्षाही हलक्या हाताने. “एक,” नाना म्हणाले. “दोन.” स्टँडासमोर रस्ता मोकळा झाला. उल्हासनं खांदे आवळले आणि दांडा तिसऱ्याकडे नेला.

करर्र.

“तीन,” नाना त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले.

उल्हासनं पाय उचलला. “नाना, पडला नाही.”

“पडला. चल म्होरं.”

“नाही पडला. दांडा माझ्या हातात आहे, मला कळतंय.”

“मला ऐकाय आला की. चल.”

“नको, नाना. मागच्या वेळी नाही पडला तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. आज कशाला सोडायचं?”

त्यानं गाडी बाजूला घेतली, नेमकी चहाच्या टपरीसमोर. रविवारची सकाळ होती, बाकावर सगळे नानांचेच विद्यार्थी बसले होते. बाळू होता, बाळूचा बाप होता, एसटीचे दोन ड्रायव्हर होते. उल्हास उतरला, बॉनेटसमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. टपरीवर कुणी हसलं नाही. त्या जागी उभं राहणं काय असतं हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“चुकलो,” उल्हास म्हणाला. मागच्या सीटवर ऐकू येईल असं.

मी नानांकडे बघितलं. आमचं ठरलं होतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही. नुसती बघत राहिले.

नानांनी दार उघडलं. गुडघे धरून उतरले, टोपी काढून काखेत मारली आणि पुढे जाऊन उल्हासला म्हणाले, “सरक.”

तो सरकला. नाना बॉनेटसमोर ताठ उभे राहिले. हात जोडले. आणि पंचवीस वर्षं ज्या आवाजाची त्यांनी लोकांकडून अपेक्षा केली होती, त्या आवाजात म्हणाले, “चुकलो.”

टपरीवरचा स्टोव्ह तेवढा फुरफुरत होता.

“नाना, काय करताय?” उल्हास घाबरून म्हणाला.

“तुझ्या हातात काय वंगाळ न्हाई. तिसरा मेलाय गाडीचा. मी मारलाय. चार वर्सं झाली.”

उल्हासनं आपला डावा हात वर करून बघितला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

“मी तीनदा हात जोडले, नाना,” तो म्हणाला.

“व्हय.”

“तीनदा.”

नानांनी पुन्हा हात जोडले. “चुकलो,” म्हणाले. आणि आणखी एकदा, “चुकलो.” पण या दोन्ही वेळी ते बॉनेटकडे तोंड करून उभे नव्हते. उल्हासनं घाईघाईनं पुढे होऊन त्यांचे जोडलेले हात धरले आणि खाली केले. मला गाडीत बसून रडू आलं, मी डोळे पदराला पुसले.

टपरीवरून बाळूनं विचारलं, “मास्तर, चार वर्सं तिसरा न्हाई? मग चालवताय कसं?”

नाना वळले. काखेतली टोपी काढून डोक्यावर ठेवली.

“खोकतो,” म्हणाले.

आधी बाळूचा बाप हसला, मग एसटीचे ड्रायव्हर, मग सगळी टपरी. कुणीतरी खोकून दाखवलं. दुसऱ्यानं साथ दिली. नानांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि बाळूला म्हणाले, “उद्या येतो गॅरेजला. हसायचं ते आज हसून घे.” बाळू म्हणाला, गिअरबॉक्स उघडावी लागंल, सामान कोल्हापूरहून येईल, आठवडा तरी जाईल.

घरी सासूबाईंना सगळं कळलं तेव्हा त्यांना फारसं नवल वाटलं नाही. “मला ठावं हुतं,” त्या म्हणाल्या. “घरात यकदा बी खोकत न्हाईत. खडीसाखर तेवढी उगंच वाया गेली.”

सोमवारी सकाळी मी डबा घेऊन निघाले, तर खिळ्याला किल्ली नव्हती. बाहेर इंजिन सुरू होतं. उल्हास स्टिअरिंगवर बसला होता, बँकेच्या साहेबांकडून उशिरा येण्याची परवानगी काढून.

“आज मी सोडतो,” तो म्हणाला. “उद्यापासून तू. आणि गॅरेज सामान आल्यावर. आधी आठवडाभर तुझी शाळा.”

“किल्ली मी मिळवली,” मी म्हटलं.

“म्हणून तर आज तुला मागे बसायचा मान.”

नाना व्हरांड्यात पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पेपर उलटा होता की नाही ते मी बघितलं नाही, पण पान काही उलटत नव्हतं. सासूबाईंनी धावत येऊन माझ्या हातात खडीसाखरेची पुडी ठेवली.

मी मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्यात बसले आणि डोळे मिटले. गाडी फाटकाबाहेर पडली.

“एक,” मी मोठ्यानं म्हटलं. स्टँडावरून वळण आलं. “दोन.”

रस्ता मोकळा झाला. पुढे क्लचचा आवाज आला. मी पुडीतला एक खडा तोंडात टाकला आणि चांगली खणखणीत खोकले.

“चार,” उल्हास स्वतःच म्हणाला.